मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या मुलांना सौजन्याचे शब्द कसे शिकवावेत?

जिल्हा परिषदेच्या शाळेतील पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग माझ्याकडे आहे. ‘कृपया’, ‘धन्यवाद’, ‘क्षमा करा’ या शब्दांचा तक्ता मुलांना तोंडपाठ असून त्यावर बोट ठेवताच ती एका सुरात म्हणून दाखवतात. मात्र खिचडीच्या रांगेत वाढणाऱ्या मावशींना ‘ए, मला अजून दे’ असेच ऐकावे लागते. आपल्या घरांत ‘कृपया’ सहसा कोणी म्हणतच नाही (पाटीवर तेवढे असते), हे त्याचे एक कारण असावे. आपली विनंती असते ती ‘जरा देता का?’, ‘आत येऊ का?’ अशा क्रियापदांच्या रूपांत, आणि निरोप ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणण्यात.

दुकानदार-गिऱ्हाईक, घरी पाहुणे आले, असे नाट्यखेळ घेऊन पाहिले. खेळात मुले ‘तुम्ही बसा’ म्हणतात आणि खेळ संपताच ‘आजोबा आला’ असे सांगतात. टोकल्यास काही जण बोलायचेच थांबतात. शिवाय आई-आजीला ‘तू’ म्हणणे अनेक घरांत मायेचेच असल्याने घरची बोली चुकीची ठरवायची नाही. वर्गात प्रोजेक्टर नाही आणि पालक दिवसभर शेतावर असतात, त्यामुळे चित्रफिती किंवा घरचा अभ्यास सुचवू नये.

‘द्या’, ‘आले’, ‘येता का’ ही आदरार्थी रूपे आधी पक्की करून तक्त्यातील शब्द नंतर आणावेत का, आणि न टोकता ही रूपे रोजच्या बोलण्यात उतरतील असा कोणता खेळ किंवा परिपाठातील उपक्रम आपण स्वतः घेतला आहे?