दिल्ली–काठमांडू विमानाला नेमका वेळ किती? (तातडीने)

परभणीचा_पाहुणा
दिल्लीहून काठमांडूला जाताना तिकिटावर दोन तास दिसायलेत, येताना दीडच. मग अर्धा तास जातो कुठं? अंतर कुणी 800 किमी सांगतंय, कुणी हजाराच्या पुढं. आईला पशुपतिनाथाला न्यायचंय. परत येताना दिल्लीत उतरून संभाजीनगरचं विमान धरायचंय, मधे तीन तास. पुरतील का? आज रात्रीच बुकिंग करायलोय, लवकर सांगा.

गोदाकाठ
महिना कोणता? दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत का वेगळी? बॅगा किती?

मनमाडमार्गे
विमान कामून? मनमाडहून गोरखपूरची रेल्वे धरा. तिथून सोनौली शंभरेक किमी, चालत हद्द ओलांडायची, पुढं बस. आम्ही तसंच गेलो, मजेत.

गोदाकाठ
सोनौलीच्या पुढं अडीचशेच्या वर किमी राहतात, तेही डोंगरातून. त्यांच्या आईचं वय तरी विचारा आधी.

मनमाडमार्गे
आमच्या मातोश्री सत्तरीच्या होत्या. खिडकीची जागा द्या, बास.

उडता_लातूरकर
अर्धा तास कुठं जात नाही. तिकिटावर सुटायची वेळ इथल्या घड्याळाची, पोचायची तिथल्या. नेपाळ आपल्या 15 मिनिटं पुढं. जाताना ती मिळवली जातात, येताना वजा होतात. दोन्हीकडं प्रवास पावणेदोन तासांचाच. 800 हे हवाई अंतर, हजाराच्या पुढचं रस्त्याचं. आता काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच अन् भोवती डोंगर, त्यामुळं गर्दी असली की वरच घिरट्या घालत बसावं लागतं. परतीचं विमानही मग उशिरा सुटतं.

रेखांशवाला
15 मिनिटंच का? आपली वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, त्यांची 86.25 ची, गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या. अंशाला चार मिनिटं. करा गुणाकार. 1986 पासून असंच आहे.

परभणीचा_पाहुणा
रेखांश राहू द्या हो. तीन तास पुरतात का नाही? डिसेंबर आहे, तिकिटं वेगवेगळी.

गोदाकाठ
डिसेंबर! हे पहिल्यांदा सांगायचं की राव. धुक्यात दिल्लीचंच खरं नसतं, काठमांडूचं काय घेऊन बसलात. तिकिटं वेगळी असली की दुसरं विमान चुकल्यावर पैसे बुडाले समजा. काठमांडूचं विमान दिल्लीत टी-3 ला, म्हणजे टर्मिनल 3 ला उतरणार. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम झालं की पुढचं टी-1 वरून असेल तर बाहेरून बसनं तिकडं जा, परत सुरक्षा तपासणी. आई बरोबर असताना मी हे करणार नाही. दिल्लीत मुक्काम करा.

उडता_लातूरकर
सगळं वेळेवर झालं तर तीन तासांत होतं. मी केलंय.

गोदाकाठ
हातात एक सॅक घेऊन केलं असेल.

नांदेडी_बाणा
नांदेडहून थेट परदेशी विमान कधी सुरू होणार, कुणाला माहीत आहे का?

सहल_काकू
नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदान ओळखपत्र चालतं. आधारवर फक्त 65 च्या वरचे अन् 15 च्या खालचे जाऊ शकतात.

परभणीचा_पाहुणा
आईला 62. पासपोर्ट काढलेलाच नाही, आधारवरच बुकिंग करणार होतो.

सहल_काकू
मग आज बुकिंग नको. आधी मतदान कार्ड शोधा. मूळ कार्ड हो, झेरॉक्स चालायची नाही. नावही जुळवून बघा.

परभणीचा_पाहुणा
कार्ड जिंतूरला भावाकडं आहे. फोन लावतो.

मनमाडमार्गे
रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, डिसेंबरचं बघून ठेवा.