पहिली लांब पल्ल्याची रायफल: अडीच हजार डॉलरांत काय घ्यावे आणि कशासाठी थांबावे?

माळढोक (सॅन अँटोनिओ, टेक्सास)

सर्वांना नमस्कार. मागच्या वर्षी माझे ग्रीन कार्ड आले. त्याआधी नऊ वर्षे मी एच-वन-बी व्हिसावर होतो आणि त्या स्थितीत बंदूक जवळ बाळगणे कायद्यात बसत नाही, हे माहीत असल्यामुळे रेंजच्या वाटेला कधी गेलोच नव्हतो. दोन महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याने त्याच्या क्लबात नेले आणि ६०० यार्डांवरची पोलादी थाळी मारायला दिली. पाचव्या गोळीला ती लागली. गोळी सुटल्यापासून थाळीचा आवाज कानी येईपर्यंत जवळजवळ अडीच सेकंद जातात, आणि त्या अडीच सेकंदांत आपण श्वास रोखून थांबलेलो असतो. तेव्हापासून हा खेळ नीट शिकायचा असे मनाने घेतले आहे. शिकारीत मला रस नाही. दोन वर्षांत १००० यार्डांवर खात्रीने नेम लागावा, एवढेच उद्दिष्ट आहे.

माझ्याजवळ एकूण २५०० डॉलर आहेत आणि त्यात रायफल, दुर्बीण, ती रायफलीवर बसवायच्या रिंगा, बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू) आणि सुरुवातीची काडतुसे हे सगळे बसवायचे आहे. दुकानदाराने १८०० डॉलरची रायफल दाखवली आणि दुर्बीण सध्या साडेतीनशेची घ्या, पुढे बदलता येईल, असे सुचवले. मला तीन गोष्टींबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. पहिली रायफल .३०८ या काडतुसाची घ्यावी की ६.५ क्रीडमूर या काडतुसाची? टिक्का, बर्गारा आणि रुगर या कंपन्यांच्या रायफलींत नवशिक्याला जाणवेल असा फरक आहे का? आणि स्वस्त दुर्बिणीवर एखादे वर्ष काढता येते का?

---

वातकुक्कुट (कोलोरॅडो)

माळढोक, दुकानदाराने सांगितलेली वाटणी मी अगदी उलटी करेन. आजच्या कारखान्यांत बनणाऱ्या हजार डॉलरच्या आसपासच्या रायफली चांगल्या काडतुसांवर १०० यार्डांत साधारण एका इंचाचा गट देतात (म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या तेवढ्या जागेत पडतात) आणि पहिली दोन वर्षे त्या आपल्यापेक्षा सरसच असतात. दुर्बिणीचे तसे नाही. लांब पल्ल्यावर आपण प्रत्येक अंतरासाठी तिचा बुरूज, म्हणजे नेम वरखाली सरकवणारी वरची फिरकी, फिरवतो आणि तो फिरवल्यावर सांगितले तेवढेच अंतर ती सरकली पाहिजे, पुन्हा शून्यावर आणल्यावर शून्यावरच आली पाहिजे.

हे मी स्वतः चटका खाऊन शिकलो. माझी पहिली दुर्बीण दिसायला देखणी होती, काचही बरी होती. १०० यार्डांपर्यंत सगळे सुरळीत चालले आणि ८०० यार्डांवर मात्र प्रत्येक गोळी थाळीच्या खाली मातीत जाऊ लागली. तीन महिने मी स्वतःला, वाऱ्याला आणि काडतुसांना दोष देत राहिलो. शेवटी क्लबातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी १०० यार्डांवर चार फुटी उभा कागद लावायला सांगितला, ओळंबा धरून त्यावर सरळ रेघ मारली, खाली एक गट मारायला लावला आणि मग बुरूज १० मिल (मिल हे कोनाचे माप) वर चढवून, त्याच बिंदूवर नेम धरून, दुसरा गट मारायला लावला. १०० यार्डांवर १ मिल म्हणजे ३.६ इंच, त्यामुळे दुसरा गट ३६ इंच वर यायला हवा होता. टेपने मोजले तर साडेतेहेतीस इंच भरले. म्हणजे दर चौदा मिलमागे एक मिल खोटा. १००० यार्डांवर ६.५ क्रीडमूरला साधारण साडेआठ मिल चढवावे लागतात, तिथे हीच चूक वीस इंचांहून अधिक होते. नवी दुर्बीण कितीही महाग असली तरी बसवल्यावर पहिल्याच दिवशी ही परीक्षा घ्या.

आता कॅलिबरचे. .३०८ वाईट नाही, त्याची नळी पाच हजार गोळ्यांच्या पुढे सहज टिकते आणि क्रीडमूरची मात्र दोन ते तीन हजारांनंतर थकू लागते. तरीही तुमचे उद्दिष्ट १००० यार्डांचे असेल तर मी क्रीडमूरच सांगेन, आणि त्याचे कारण वारा. ताशी १० मैलांचा वारा अगदी आडवा असेल, तर १००० यार्डांवर १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) .३०८ गोळी सुमारे नऊ फूट वाहवते आणि १४० ग्रेनची ६.५ गोळी सुमारे साडेसहा फूट. शिवाय .३०८ ची गोळी त्या अंतराच्या सुमारास ध्वनीच्या वेगाखाली येऊ लागते आणि तिथे ती डगमगण्याची शक्यता असते. समुद्रसपाटीजवळच्या दाट हवेत हे लवकर घडते. इकडे डोंगरात किंवा न्यू मेक्सिकोतल्या रॅटनच्या व्हिटिंग्टन सेंटर या रेंजवर हवा विरळ असल्यामुळे तीच गोळी जास्त तग धरते, पण तुम्हाला टेक्सासच्या सखल भागात मारायचे आहे. एकच अपवाद आहे: पुढेमागे एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत उतरायचे मनात असेल तर .३०८ घ्या, कारण त्या गटात .२२३ आणि .३०८ याच दोन काडतुसांना मुभा आहे.

टिक्का टी-थ्री-एक्स सीटीआर, बर्गारा बी-१४ एचएमआर, रुगर प्रिसिजन, हाऊवा १५०० यांपैकी कोणतीही घेतलीत तरी पस्तावणार नाही. टिक्काचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) लोण्यासारखा सरकतो. बर्गाराचा दस्ता गालाच्या उंचीप्रमाणे वरखाली करता येतो, आणि नवशिक्याला बोल्टच्या गुळगुळीतपणापेक्षा हा गुण जास्त उपयोगी पडतो. पडून नेम धरताना मान ताणावी लागली तर विसाव्या गोळीला डोळा दुर्बिणीच्या मध्यावर राहत नाही.

माझा हिशेब असा: रायफल १०००, पहिल्या फोकल प्लेनमधली (चित्र लहानमोठे केले तरी जिच्या जाळीच्या खुणांचे माप खरे राहते अशी) मिल-जाळीची दुर्बीण ६५०, उदाहरणार्थ व्होर्टेक्स स्ट्राइक ईगल ५-२५, रिंगा आणि २० मिनिटांच्या (कोनाच्या मापातल्या) उताराची पट्टी १२०, हॅरिसचा ६ ते ९ इंची बायपॉड १२०, दस्त्याखालची वाळूची उशी ४० आणि इंच-पौंडात मोजणारा टॉर्क पाना ६०. बेरीज १९९०. तुमच्याकडचा सव्वाआठ टक्के विक्रीकर धरला तर ही रक्कम २१५० च्या वर जाते आणि उरलेल्या साडेतीनशेत सुमारे १७० मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) काडतुसे येतात. पाना हौस म्हणून सांगत नाही. रिंगेचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळले तर एक जास्त आणि एक कमी आवळला जातो, नळीसारखी दुर्बीण त्यात पिळली जाते. आवळून झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेपर्यंत पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, हे रेंजवर एका नजरेत कळते.

---

पंचगंगा (ओहायो)

वातकुक्कुट यांनी मांडलेला हिशेब चोख आहे, पण त्यातला शेवटचा आकडा पुन्हा वाचावा अशी माझी विनंती आहे: १७० काडतुसे. रेंजवरच्या तीन फेऱ्यांत ती संपतात. त्यानंतर प्रत्येक गोळीला दोन डॉलर मोजताना माणूस सराव आखडता घेतो आणि हजार डॉलरची रायफल कपाटात पडून राहते. हे मी इथल्या क्लबात अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

मी कोल्हापूरची. शाळेत एनसीसीत २५ मीटरवर .२२ रायफलने पहिली गोळी मारली आणि पुढे काही वर्षे ५० मीटर प्रोनच्या (पडून मारायच्या) राज्य स्पर्धा खेळले. आमच्याच शहरातल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये याच प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, तेव्हा आम्हा मुलींना .२२ हे लहान हत्यार आहे असे पुन्हा कधी वाटले नाही. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने मारायच्या प्रकाराचे) कांस्यपदक मिळवले, तेही .२२ वरच. या मुलांच्या सरावाची रीत जवळून पाहिली आहे. गोळ्या मोजक्या असतात, पण प्रत्येक गोळीमागे आधी शरीराची जागा, मग श्वास, मग चाप, आणि गोळी सुटून गेल्यावरही बोट मागे दाबलेलेच, हा क्रम चुकवत नाहीत. चाप झटक्याने सोडला की गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल हललेली असते, आणि .२२ ची गोळी मंद असल्यामुळे नळीत जास्त वेळ राहते. म्हणूनच ती हाताचे दोष लपवत नाही. मोठ्या रायफलीचा धक्का आणि आवाज मात्र ते झाकून टाकतात, शिवाय त्यामुळे डोळे मिटण्याची खोड लागते आणि ती सुटता सुटत नाही.

त्यामुळे माझे मत असे की पहिली रायफल .२२ घ्यावी. सीझेड ४५७ किंवा टिक्का टी-वन-एक्स सहाशेच्या आसपास मिळते आणि चांगले मॅच काडतूस पंधरा ते वीस सेंटला पडते. लांब पल्ल्याचे शिक्षण यात मिळणार नाही, असे समजू नका. ५० यार्डांवर शून्य केलेल्या (त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेल्या) रायफलीला २०० यार्डांसाठी सुमारे ७ मिल चढवावे लागतात, म्हणजे बुरूज फिरवणे, कोणत्या अंतराला किती मिल याचा बॅलिस्टिक तक्ता बनवणे, गोळी कुठे पडली ते पाहून दुरुस्ती करणे, हे सगळे तिथेच शिकता येते. ताशी १० मैलांचा आडवा वारा तर १०० यार्डांवरही गोळी सुमारे चार इंच ओढून नेतो. एनआरएल-२२ नावाच्या मासिक स्पर्धा याच हेतूने चालतात. त्यांत सगळी लक्ष्ये १०० यार्डांच्या आत असतात आणि नवशिक्यांसाठी मर्यादित किमतीच्या साहित्याचा वेगळा गट असतो.

आणि वारा वाचायला शिका. दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणला की उन्हाच्या झळा दिसू लागतात. त्या सरळ वर उकळत असतील तर वारा नाही किंवा तो समोरून वा पाठीमागून आहे. त्या आडव्या वाहत असतील तर ज्या दिशेला वाहतात तिकडे गोळी जाणार. ओढ्याचे पाणी वाहावे तशा त्या सपाट पळू लागल्या की वाऱ्याचा जोर वाढला आहे, असे समजावे. हे डोळ्यांनी ओळखायला शेकडो गोळ्या लागतात आणि त्या प्रत्येकी दोन डॉलरच्या असाव्यात असे काही नाही.

---

माळढोक

दोघांचेही मनापासून आभार. पंचगंगाताई, तुमचा मुद्दा पटतो आहे, पण एक शंका आहे. आता .२२ साठी घेतलेली दुर्बीण पुढच्या वर्षी मोठ्या रायफलीवर चढवता येईल का, की पैसे दोनदा जातील? दुसरे असे की घरात दहा वर्षांचा मुलगा आहे आणि माझा धाकटा भाऊ एच-वन-बीवर आमच्याकडेच राहतो. त्या दृष्टीने काय काळजी घ्यावी?

---

देवराई (न्यू जर्सी)

दुसऱ्या प्रश्नाचे मी सांगतो, कारण माझ्या घरी हीच परिस्थिती होती. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातला महत्त्वाचा अपवाद आहे. पुष्कळांना वाटते की हा नियम केवळ खरेदीपुरता आहे, परंतु रेंजवर भाड्याची रायफल हातात घेणेही त्यात येते. म्हणून भावाला कौतुकाने रेंजवर नेऊन मारायला देऊ नका. घरातली तिजोरी अशी असावी की तिचा आकडा किंवा किल्ली फक्त तुमच्याकडे राहील, आणि भावाच्या खोलीत काहीही ठेवू नका. त्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असेल तर एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलूनच घ्या. अशा बाबतीत झालेली चूक दंडावर भागत नाही, मुक्कामच धोक्यात येतो.

मुलासाठी मी हे केले: रायफल तिजोरीत, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, काडतुसे तिसरीकडे. त्याच्यापासून काही लपवून ठेवले नाही. एका रविवारी समोर बसवून बोल्ट कसा काढतात, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने कसे तपासतात, ते दाखवले. आता मी विसरलो तर तोच आठवण करतो.

खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरताना ग्रीन कार्डावरचा यूएससीआयएस क्रमांक लिहावा लागतो, ते सोबत न्या. राज्याराज्यांतले नियमही वेगळे आहेत: आमच्याकडे आधी बंदूक-खरेदीचे ओळखपत्र काढावे लागते, टेक्सासमध्ये तसे नाही.

---

वातकुक्कुट

दुर्बीण नक्की चढवता येईल, फक्त दोन गोष्टी आधीच पाहून घ्या. तिचा पॅरलॅक्स (अंतराप्रमाणे चित्र जुळवण्याची सोय) २५ यार्डांपासून जुळवता आला पाहिजे, नाहीतर .२२ च्या जवळच्या लक्ष्यांवर चित्र धूसर दिसेल. दुसरे म्हणजे सीझेड ४५७ च्या माथ्यावर ११ मिलिमीटरची खाच असते, पिकॅटिनी (आडव्या खाचांची प्रमाणित) पट्टी नसते. त्या खाचेत बसणाऱ्या रिंगा घेतल्यात तर पुढे त्या फुकट जातील, म्हणून खाचेवर उताराची पिकॅटिनी पट्टी बसवा आणि रिंगा पिकॅटिनीच्याच घ्या. मग दुर्बीण रिंगांसकट उचलून दुसऱ्या रायफलीवर ठेवता येते. शून्य पुन्हा करावे लागेल, त्याला दहा गोळ्या पुरेत.

पंचगंगाताईंच्या मताला मी हरकत घेत नाही. मी तेव्हा .२२ वर एक वर्ष काढले असते तर माझ्या क्रीडमूरची पहिली नळी शिकण्यात झिजली नसती. माझे म्हणणे इतकेच आहे की अधूनमधून मोठ्या रायफलीवरही हात ठेवा. तुमच्या सहकाऱ्याकडे ती आहेच. महिन्यातून एकदा त्याच्या रायफलीतून वीस गोळ्या, स्वतःच्या पैशाच्या काडतुसांनी, मारून या. १००० यार्डांवर वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने चुकला तरी गोळी सुमारे आठ इंच सरकते, आणि एफ-क्लासच्या (एफ-टीआर ज्यात मोडते त्या स्पर्धाप्रकाराच्या) लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ सगळे मिळून दहा इंचांचे असते. हे आकडे वाचून समजतात, पण अंगी लागतात ते त्या अंतरावर पडून राहिल्यावरच. कानात बोंडे आणि त्यावर मफ, असे दोन्ही घाला. शेजारच्या माणसाच्या नळीला ब्रेक (धक्का कमी करणारा, पण आवाज बाजूला फेकणारा जोड) असेल तर एकट्या बोंड्यांनी भागत नाही.

---

माळढोक

निर्णय झाला. सीझेड ४५७ आणि पट्टी, त्यावर साडेसहाशेची दुर्बीण, बायपॉड, उशी, पाना आणि एक हजार .२२ काडतुसे. करासकट सुमारे १९०० होतात. उरलेले सहाशे क्रीडमूरसाठी बाजूला ठेवले आहेत. दुर्बीण शनिवारी येते आहे. चार फुटी कागद आणि ओळंबा आजच आणून ठेवला. १० मिलला ३६ इंच भरतात की नाही, ते मोजून इथे कळवतो.