विषय: रिगली सहल – खांबामागच्या चार जागा कोण घेतंय?

मकरंद (सहल समिती):
मंडळी, शुक्रवारच्या शिकागो सहलीची तिकिटं हातात आली. रिगली मैदानावर दुपारी १:२० चा बेसबॉल सामना, शिकागोचे कब्ज विरुद्ध आपले सेंट लुईसचे कार्डिनल्स. ३२ पैकी २८ जागा झकास आहेत: खालचा मजला, पहिल्या बेसच्या अंगाला, म्हणजे आपल्या डगआउटच्याच (खेळाडू बसतात त्या जागेच्या) बाजूला, आणि डोक्यावर वरच्या मजल्याची सावली. उरलेल्या चार खांबामागे. तिकिटावर तसं स्पष्ट छापलेलं आहे. स्वखुशीने कोण घेतंय, उद्या रात्रीपर्यंत कळवा. बस, डबे, शर्ट यावर इथे चर्चा नको, वेगळी मेल येईल.

सुधाताई:
मकरंद, स्वखुशीने कोणी घेणार नाही हे तुलाही ठाऊक आहे. दिवाळीच्या नाटकाला 'स्वखुशीने' शेवटच्या रांगेत कोण बसलं होतं ते आठव जरा. यंदा आमची नावं आधीच बाजूला काढ. यांच्या मानेला पट्टा आहे, नऊ इनिंग्ज डोकावत बसणं जमायचं नाही. आणि ती चार तिकिटं स्वस्त मिळाली असणार ना? मग वर्गणी सगळ्यांना सारखी कशी?

मकरंद:
सुधाताई, उरलेले पैसे बसच्या खात्यात घातलेत. समितीच्या मार्चच्या मेलमध्ये लिहिलं होतं. कोणी वाचत नाही त्याला मी काय करू.

अभय:
खांबाचा एवढा बाऊ नको. लोखंडी खांब आहे, भिंत नव्हे. थोडं डावी-उजवीकडे सरकलं की पिचर दिसतो, नाहीतर बॅटर दिसतो. दोघं एकदम दिसत नाहीत इतकंच. मला विचाराल तर खरी वाईट जागा खांबामागची नव्हेच, त्याच सेक्शनच्या अगदी मागच्या रांगांतली. तिथे वरच्या मजल्याचा छज्जा इतका खाली येतो की उंच उडालेला चेंडू गडप होतो आणि आउटफिल्डर कुठे धावतोय त्यावरून अंदाज बांधायचा. तो हाताने पाट्या बदलायचा १९३७ चा स्कोअरबोर्डही दिसत नाही. मकरंद, आपल्या 'झकास' २८ जागा कितव्या रांगेत आहेत ते आधी सांग.

रेवती:
पाळीपाळीने बसलं तर? तीन-तीन इनिंग्ज? आमच्याकडे दोन मुलं आहेत, तेव्हा आम्हाला सलग चार जागा हव्यात. खांब नसलेल्या. आणि वरणभाताचा डबा आत नेऊ देतात का?

नंदूकाका:
जागावाटपावरून भांडण झालं की स्टेडियमं उभी राहतात, हे दादरच्या माणसाला सांगायला नको. ब्रेबॉर्न स्टेडियम सीसीआयचं, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबई क्रिकेट संघटनेला कसोटीची तिकिटं किती द्यायची यावरून दोघांचं वाजलं. संघटनेचे वानखेडेसाहेब हट्टाला पेटले आणि चर्चगेटपासून हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधून मोकळे झाले. १९७५ च्या जानेवारीत तिथली पहिली कसोटी, वेस्ट इंडिजशी. लॉइडने नाबाद २४२ ठोकल्या. मी होतो. सिमेंटचा वास अजून नाकात आहे. चार तिकिटांवरून मकरंदने वेगळं मंडळ काढू नये म्हणजे झालं.

किशोर:
नंदूकाका, ब्रेबॉर्नसुद्धा १९३७ चंच की! म्हणजे स्कोअरबोर्ड आणि ते एका वयाचे.
बाकी मंडळी, खांबांना नावं ठेवताय, पण ते आहेत म्हणूनच तर रिगलीला जायचं. १९२७-२८ च्या सुमारास वरचा मजला चढवला तो या खांबांच्या जिवावर, त्यामुळे वर बसलेला माणूस थेट मैदानाच्या डोक्यावर असतो. आपल्या बुश स्टेडियमला खांब नाहीत, म्हणून वरचे मजले मागे सारावे लागतात आणि वरून खेळाडू मुंगीएवढे दिसतात. १९१४ च्या वास्तूत जाऊन २००६ ची सोय मागायची हे काही पटत नाही.

अभय:
किशोर कब्जचा माणूस आहे, त्याला खांबही गोड लागणार. तूच बस मग खांबामागे.

किशोर:
बसेन. पण कब्जचा निळा शर्ट घालून.

सुधाताई:
निळा शर्ट घालून मंडळाच्या बसमधून येणार? पदाधिकाऱ्यांनी यावर काहीतरी ठरवावं.

अभय:
येऊ दे ताई. त्यांच्याकडून चांगला माल फुकटात आणायची आपली परंपराच आहे. १५ जून १९६४, लू ब्रॉक. बदल्यात ब्रॉलिओ हा पिचर दिला, त्याचं कोपर गेलं आणि त्याच वर्षी आपण वर्ल्ड सिरीज जिंकलो. ते ज्या हॅरी केरीचा पुतळा मिरवतात, तोही आधी २५ वर्षं आपल्या सामन्यांचं समालोचन करत होता. किशोर, हे बसमध्ये माईकवर सांगणार आहे.

किशोर:
सांग. मग मी २०१६ ची कब्जची वर्ल्ड सिरीज सांगेन.

रेवती:
माझ्या डब्याचं कोणीच सांगितलं नाही. आणि लाल शर्टवर लोक काही बोलतात का? मुलांना घेऊन जायचंय म्हणून विचारते.

अभय:
रेवती, बिनधास्त घाल. कार्डिनल्स आले की मैदानाजवळचं अर्धं अ‍ॅडिसन स्टेशन लाल असतं. टोमणे मारतात, पण हसून. फक्त ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफिल्डमागच्या बाकांवर, जाऊ नका. तिथे पाहुण्यांच्या होमरनचा चेंडू हाती आला की परत मैदानात फेकायला लावतात, आणि तुझा धाकटा तो सोडायचा नाही. पोरांना आउटफिल्डची वेलींची भिंत दाखव. चेंडू त्या पानांत अडकला की फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोनच बेस मिळतात. हात घालून शोधायला गेला तर मात्र खेळ चालूच. डब्याचे नियम बदलत असतात, मैदानाची साइट बघ.

नंदूकाका:
पाळीपाळीची कल्पना बाद. माणूस बसता-उठताना मागच्या रांगेचा सामना जातो. आणि चौथ्या इनिंगला उठायला लावलेला माणूस नवव्या इनिंगपर्यंत तेच बोलत राहतो. मी खांबामागे बसतो. माझी अट एकच, शेजारी बोलणारा हवा.

सुधाताई:
नंदूभाऊ बसणार असतील तर आम्ही दोघंही तिथेच. यांनाही ऐकायला आवडतं. मानेचं बघू, हे तसेही स्कोअरकार्ड लिहीत खालीच बघतात. मात्र समितीने बसच्या खात्याचा हिशोब लिस्टवर टाकावा.

मकरंद:
नंदूकाका, सुधाताई, दादा आणि किशोर, चार झाले. हा विषय माझ्याकडून संपला. अभय, २८ जागा बाराव्या ते पंधराव्या रांगेत आहेत, छज्जा तुला दिसेल, चेंडूही दिसेल. बस सकाळी सहाला देवळाच्या पार्किंगमधून सुटेल. शिकागोत बस हॉवर्ड स्टेशनला सोडून पुढे रेड लाइन ट्रेनने अ‍ॅडिसन.

अभय:
बाराव्या रांगेपर्यंत ठीक. पंधरावी नको.

रेवती:
मग पंधराव्या रांगेत कोण?