मदत हवी आहे: हाफ-लाइफ २ मध्ये बोट सुरू झाली की गरगरतं

नमस्कार मंडळी,

पहिला हाफ-लाइफ (१९९८ चा कॉम्प्युटर गेम) कॉलेजात असताना सांगलीत विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून संपवला होता. दुसरा भाग २००४ ला आला, तेव्हा नोकरीच्या धबडग्यात तो राहूनच गेला. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याला वीस वर्षं झाली म्हणून काही दिवस फुकट मिळत होता, तेव्हा घेऊन ठेवला. परवा भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर मुहूर्त लागला.

स्टेशनावरच फिदा झालो. सिटी १७ या गेममधल्या शहरात उतरल्यावर एक शिपाई मुद्दाम रिकामा कॅन खाली पाडतो आणि उचलून कचऱ्यात टाकायला सांगतो. मी गुमान टाकला. (इतकी वर्षं नोकरी केल्यावर दुसरं काय होणार!) भाच्यानं तोच कॅन त्याच्या तोंडावर भिरकावला आणि दांडक्याचे फटके खात पळाला. गेमला दोन्ही चालतं. पुढे कालव्यात एक फळी आहे, बागेतल्या सीसॉसारखी. एका टोकाला सिमेंटचे ठोकळे रचले की दुसरं टोक वर राहतं, मग चढून जायचं. हे कुणी सांगत नाही. ठोकळ्याला वजन आहे, एवढीच काय ती सूचना.

आणि सगळं गॉर्डनच्याच (आपण ज्याला खेळवतो त्या नायकाच्या) डोळ्यांनी. तो तोंडातून शब्द काढत नाही, मधेच कॅमेरा बाहेर जाऊन सिनेमा दाखवत नाही. मला हेच सगळ्यात आवडलं, आणि नेमकं इथंच घोडं पेंड खातंय.

ती पंख्याची बोट मिळाली की दहा मिनिटांत मळमळून तोंडात पाणी येतं, कानशिलं गार पडतात, गेम बंद करून आडवं व्हावं लागतं. लहानपणी कुंभार्ली घाटात एसटीत व्हायचं, अगदी तसंच. पण २०१९ च्या पुरात मारुती चौकातून खऱ्या बोटीतनं बाहेर आलो, तेव्हा काही झालं नव्हतं! तीन रात्री झाल्या, हेलिकॉप्टर मागे लागलं की मी हरतो, ते गोळ्यांनी नव्हे, पोटानं. बायको विचारते, गोळी घेऊन गेम खेळणार का?

ग्रॅव्हिटी गन (वस्तू ओढून भिरकावणारी बंदूक) पुढे मिळते म्हणे. तिथवर तरी पोचायचंय. उपाय सांगा, पण कथा फोडू नका.

प्रतिसाद १:
दादा, खऱ्या बोटीत डोळे आणि कान एकच सांगत होते. इथं डोळे म्हणतात पळतोय, कानाच्या आतला तोल म्हणतो खुर्चीत बसलोय. त्यात या गेमचा फिल्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं तो कोन) मुळात ७५ अंश आहे, म्हणजे नळीतून बघितल्यासारखं. सेटिंग्जमध्ये ९० करा, मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट करणं) असेल तर बंद. खोलीत दिवा लावा आणि स्क्रीनपासून हातभर लांब बसा. बोटीत माउस गरागरा फिरवू नका, नजर लांब पाण्यावर ठेवा. आणि मळमळ सुरू झाली की लगेच थांबा, रेटून खेळलात तर दुसऱ्या दिवशी लवकर लागते. पुढे गाडीपण आहे बरं का.

धागाकर्ता:
९० केलं, दिवा लावला. फरक आहे! काल पाऊण तास टिकलो. मधे एका तळावर बोटीला बंदूक बसवून मिळाली, मग धरणापाशी हेलिकॉप्टर खाली आणलं. शेवटी त्यानं सुरुंगांचा असा सडा टाकला की गरगरायची आठवणच राहिली नाही. लॅपटॉप मात्र तव्यासारखा तापतो आणि चित्र अडखळायला लागलं की पोटात पुन्हा ढवळतं. सावल्या कमी केल्या तर चित्र एकसारखं चालेल का, की रिझोल्यूशनच उतरवू? आणि गाडीचं खरं सांगा, ती बोटीपेक्षा वाईट आहे का?