कल्पनारम्य चित्रपटमालिकांतील दुय्यम पात्रे
प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): 'बाहुबली'च्या दोन्ही भागांत (२०१५, २०१७) मला नायकापेक्षा सत्यराज यांचा कटप्पा अधिक भावला, सिंहासनाला दिलेल्या वचनापायी तो ज्याच्यावर जीव लावतो, त्याच्याच पाठीत तलवार खुपसतो. आपणांस असे कोणते पात्र आठवते?

खानापूरकर: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॅम. २००३ च्या तिसऱ्या भागात दुष्ट जादूच्या अंगठीच्या ओझ्याने खचलेल्या नायक फ्रोडोला तो चक्क खांद्यावर घेऊन डोंगर चढतो. (मूळचा तो माळी, हे विशेष.)

निपाणीकर: कटप्पाची निष्ठा मला आंधळी वाटते. त्यापेक्षा 'हॅरी पॉटर'मधला नेव्हिल सरस. २००१ मध्ये बावरलेला दिसणारा हा मुलगा २०११ च्या अखेरच्या भागात तलवारीच्या एका घावात खलनायकाच्या नागिणीचे मुंडके उडवतो.

प्रश्नकर्ता: आंधळी खरीच, म्हणूनच तर तो विसरता येत नाही.