पोलिसांची तक्रार केलीय का कधी? अनुभव सांगा

मांजराकाठ: आज पोस्टात एक पोरगं 'एसपी साहेबाला रजिस्टर करायचंय' म्हणायलं होतं, अन् आमची मोटार आठवली. विहिरीवरची, केबलसकट नेली. ठाण्यात म्हणे, अर्ज ठेवून जा, बघतो. पोच मागितली तर जमादार, 'तू काय वकील हाईस का?' मग तोच अर्ज एसपींना रजिस्टर पोस्टानं धाडला. आठवडाभरात ठाण्यातूनच फोन, या, गुन्हा नोंदवून घेतो. मोटार काय सापडली नाही. तुमचं सांगा.

गोदाकाठी: आवक शिक्का!! दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. त्याबिगर अर्ज म्हंजे रद्दी.

बिब्बा: केबल आमचीबी गेली. कापूस विकून घेतलेली 😡

वकीलताई_लातूर: कोर्टात बसलेय, थोडक्यात लिहिते. गुन्हा नोंदवत नसतील तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम 173(4): एसपींना लेखी, तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मारहाण, कोठडीतला छळ असेल तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालामुळं 2014 ला आपल्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात आलं. मानवी हक्क आयोगाकडं जायचं तर वर्षाच्या आत. पुकारा झाला, येते.

हिंगोलीकर: मावसभावाला रात्रभर बसवलं, नोंद कुठंच नाही. माहिती अधिकारात सीसीटीव्ही फुटेज मागितलं. उत्तर: कॅमेरा नादुरुस्त.

बिब्बा: ठाण्यातला कॅमेरा अन् आमच्या शिवारातला डीपी, नेमके लागतेत तवाच जळतेत 😂

सुनबाई: सासूबाईंना जबाबाला ठाण्यात या म्हणून निरोप. नणंद वकील, तिनं फोनवरच सांगितलं, बाईमाणसाचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. आली की महिला पोलीस घरी! मुरमुऱ्याचा सुशिला खाल्ला, चहा घेतला, जबाब वाचून दाखवला. चांगली होती बिचारी.

जमादारीण: आमचे हे खात्यातच आहेत. तक्रार करा ना, पण ज्यानं केलं त्याच्या नावानं करा. 'सगळे पोलीस तसलेच' वाचलं की जेवण जात नाही. गणपतीत हे घरी नसतात कधी.

हिंगोलीकर: वहिनी, तुम्हाला नाही म्हणलं कुणी. पण नाव, बक्कल नंबर माहीतच नसला तर?

वकीलताई_लातूर: तारीख, वेळ, ठाणं लिहा. ड्युटीवर कोण होतं ते त्यांच्या रेकॉर्डला असतं. फुटेजसाठी अपील केलं का? नसेल तर करा, पहिलं अपील 30 दिवसांत.

गोदाकाठी: सुनबाई, सुशिल्यात दाण्याचं कूट घालता का डाळवं?

सुनबाई: दोन्ही!