बालवाडी जुनी झाली का? (बालवाडी, अंगणवाडी, बालवाटिका)

पाटीपेन्सिल
तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या ताईंसाठी एक हस्तपुस्तिका मराठीत आणतेय. मी सगळीकडे 'बालवाडी' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी ते खोडून 'बालवाटिका' केलं आणि समासात शेरा मारला, 'बालवाडी जुनं झालं.' माझ्या आईने लातूरकडच्या एका गावात वीस वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे हे मनाला लागलं. आता एक वाक्य असं झालंय: 'बालवाटिकेतून आल्यावर मूल घरी काय सांगतं ते पालकांना विचारा.' शेजारचा चार वर्षांचा मुलगा रोज चप्पल उलटी घालून 'मी वाडीत चाल्लो' म्हणत निघतो. त्याच्या आईला मी बालवाटिका कुठून आणून देऊ? काय ठेवावं?

टीपकागद
शेरा चूक, बदल बरोबर. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत स्तर धरला. पहिलीच्या आधीची तीन वर्षं म्हणजे बालवाटिका १, २ आणि ३. हे वर्गांचं नाव आहे. बालवाडी हे जागेचं नाव. पुस्तिका धोरणाला धरून असेल तर नेमका शब्दच हवा, नाहीतर कुठला वर्ग म्हणायचाय ते ताईंना कळणार नाही.

पोफळी
पण वाडी म्हणजेच वाटिका! संस्कृत वाटिका, प्राकृतात वाडिआ, मराठीत वाडी. आमच्याकडे रत्नागिरीत अजून नारळ-सुपारीची वाडी म्हणतात, तिला रोज शिंपण लागतं. घाटावरच्यांना वाडी म्हटलं की वस्तीच आठवते, म्हणून त्यांना त्यातली बाग दिसत नाही. हजार वर्षं लोकांच्या तोंडात घोळून गुळगुळीत झालेला शब्द टाकून त्याचंच आजोबांचं नाव परत आणायचं, याला काय म्हणावं?

टीपकागद
पोफळी, व्युत्पत्ती मान्य. पण शब्द आज काय सांगतो ते बघा. बालवाडी म्हटलं की पालकांना वाटतं, मुलं सांभाळायची सोय. त्याच पालकांना शेजारच्या केजीत मूल चौथ्या वर्षी स्पेलिंग लिहितं याचं कौतुक. नव्या नावाने निदान हे शिक्षण आहे एवढं तरी ठसेल.

करवंदजाळी
मग 'अंगणवाडी'चं काय? मी डहाणूकडची, म्हणून राहवत नाही. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या. १९४५ मध्ये आमच्या डहाणूजवळच्या बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येईनात. लहान भावंड कडेवर, घरी काम. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, पानं घेतली. १९५७ नंतर कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शब्द बघा, जिथे मूल तिथे शाळा हे त्या नावातच आहे. वाटिकेत ते कुठेय?

शेवंती
माझी मावशी अंगणवाडीत आहे. तुम्ही वाडी-वाटिकेवर बोलताय, मला 'सेविका' या शब्दाबद्दल बोलायचंय. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्या जिच्यात चालतात ती एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. बाकी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवणं), आहार-आरोग्य शिक्षण. मावशी सकाळी वजनं घेते, फोनवर माहिती भरते, खिचडीकडे बघते, आणि मग उरलेल्या वेळात गाणी. ती शिकवते, तरी सेविका. तिला मिळतं ते 'मानधन'. वेतन म्हटलं तर नोकरी ठरेल ना! २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी शब्द तोच राहिला. पुस्तिकेत 'शिक्षिका' लिहा.

टीपकागद
सरकारी पदनाम आपण कसं बदलणार?

शेवंती
बालवाडीचं बालवाटिका बदलता येतं, मग हेही येईल. मुलं तर तिला 'बाई' म्हणतात. शाळेतल्या शिक्षिकेलाही बाईच म्हणतात.

सारवण
आमच्याकडे 'ताई' म्हणतात. आणि आम्ही तर पहिलीआधी 'बिगरी'त होतो, तिथे सगळ्यांत आधी पाटी पुसायला शिकलो. माझ्या मते बिगर-इयत्ता, म्हणून बिगरी.

पोफळी
बिगरी 'बिगिनर'वरून असं माझे काका म्हणायचे. मला पटत नाही, पण तुमचंही पटत नाही. बिगर इयत्तेचं बिगरी होताना 'इयत्ता' अख्खी कुठे गेली?

सारवण
'बालवाटिका तीन'चं दोन वर्षांत 'वाटिका' होईल, तेव्हा तिच्यातलं बाळ कुठे गेलं तेही विचारा.

करवंदजाळी
टीपकागद, तुमच्या स्पेलिंगवाल्या मुद्द्यावर. नाव बदलून पालक बदलत नाहीत. माझ्या भाचीच्या वर्गात बाईंनी महिनाभर चिंचोके मोजायला, ओतायला, रांगेत मांडायला दिले. पालक वह्या कोऱ्या बघून भांडायला आले. बाईंनी मुलीला विचारलं, 'सात चिंचोके दोघींत वाटून दे.' तिने तीन-तीन दिले आणि एक तोंडात टाकला. आजी हसली, आई वही मागतच राहिली.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, पण माझी गाडी तिथेच आहे. सध्या असं करतेय: वर्गाचा क्रमांक येतो तिथे बालवाटिका, पालकांच्या तोंडी बालवाडी. शेवंती, 'शिक्षिका' करून पाठवते, ते खोडतील असं वाटतं. आणि एक नवीन अडचण. सकाळी मुलं गोल करून बसतात आणि ज्याला जे सांगायचंय ते सांगतात, त्या वेळेला मूळ पुस्तिकेत खास नाव आहे. मी 'गोलातल्या गप्पा' लिहिलंय. तपासणाऱ्यांनी 'वर्तुळ संवाद सत्र' केलंय.

पोफळी
गप्पाच ठेवा. आई काय म्हणायच्या त्याला?

पाटीपेन्सिल
आई म्हणायची, 'चला, रिंगण करा.'